जोडून दिलेली माणसं

आमच्या घरातले दोन भाऊ फौजेत. थोरले दीर शाळा सुटल्या सुटल्या भरती झाले आणि अजून नोकरीत आहेत. आमचे हेही भरतीला धावले, पण दर वेळी कुठेतरी अडकले. कधी छातीत, कधी उंचीत, आणि बघता बघता वय निघून गेलं. मग शेवगावात त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं दुकान टाकलं. दुकान बरं चाललं. तरी दीर सुट्टीवर आले आणि अंगणात त्यांचे बूट उन्हाला ठेवलेले दिसले, की हे त्या बुटांकडे बघत चहा प्यायचे. मला ते दिसायचं.

पुढे कुणीतरी सांगितलं, की टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे टीएत, आपला कामधंदा सांभाळून जाता येतं. वर्षातून दोन महिने शिबिराला जायचं, बाकी आपलं काम करायचं, आणि सरकारनं बोलावलं की वर्दी चढवून हजर व्हायचं. हे गेले आणि पास झाले. गल्लीत पेढे वाटले. पण गावानं काही त्यांना फौजी म्हटलं नाही. पारावर बसलेले लोक विचारायचे, "का वो, बंदूक सोताची का भाड्याची?" हे हसायचे. "भाड्याचीच हाय. दोन म्हैन्यांनी परत द्यायची," म्हणायचे.

घरात सासूबाई, मी आणि जाऊबाई. अंगणाचं वाडगं एक, चुली दोन. मी अंगणवाडीत सेविका, जाऊबाई शेत बघायच्या. त्यांच्या फोनवर दिरांच्या पलटणीतल्या बायकांचा ग्रुप होता. देशभरातल्या बायका, कुणी पंजाबातली, कुणी बिहारची. पलटण कुठे हलली, कुणाची सुट्टी मंजूर झाली, सगळं त्यांना तिथे कळायचं. मी एकदा म्हटलं, "बाई, मलाबी घ्या की त्यात."

"त्यात पलटणीच्याच बायका असत्यात गं," त्या म्हणाल्या. "तुमची पलटण येगळी."

त्यांचं चुकलं नव्हतं. तरी लागलं मला ते.

ह्यांच्या शिबिरात एक जण होते पाथर्डीकडचे. एसटीत कंडक्टर. त्यांच्या घरातली सगळी माणसं ऊसतोडीला जाणारी, पगाराची नोकरी लागलेले हे पहिलेच. दोघांची गट्टी जमली. ते बायको-पोरीला घेऊन आमच्याकडे जेवायला आले होते. तिनं येताना हुलग्यांची पिशवी आणली होती. हडकुळी, कमी बोलणारी बाई. नवरा मात्र बोलका. जेवताना म्हणाला, "वैनी, एसटीत मी उभा आन् लोक बसल्यालं, फौजेत बी मी उभा आन् सायेब बसल्यालं. बसायचं नशिबातच न्हाई." ती तेवढ्याला हसली, पदर तोंडाला लावून. जाताना आम्ही एकमेकींचे नंबर घेतले. मी तिला ताई म्हणायची, तीही मला ताईच म्हणायची.

उन्हाळा चढला होता तेव्हा बोलावणं आलं. आधीपासून टीव्हीवर सीमेचं चालूच होतं. ह्यांनी एका दिवसात दुकान आवरलं, अर्धवट राहिलेली ट्रॉली शेजारच्या दुकानदाराकडे सोपवली. शेवगावच्या स्टँडवर कंडक्टर आधीच येऊन थांबले होते. गाडीत चढताना म्हणाले, "आज मलाच तिकीट काढावं लागतंय बघा." आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोघांच्या कपाळाला अंगारा लावला. गाडी हलली.

पहिले काही दिवस फोन येत होता. आधी त्यांच्या टीएच्या डेपोत होते, मग त्यांची कंपनी वर डोंगरात नेली आणि एका कायमच्या पलटणीला जोडून दिली. जोडून दिली हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"म्हंजी काय?" मी विचारलं.

"म्हंजी ऱ्हायचं, खायचं, ड्युटी करायची त्यांच्याकडं. हुकूम त्यांचा. पर आमी हाय डेपोचे."

"मग नीट बघत्यात ना तुमच्याकडं?"

ते म्हणाले, "मेहमान म्हणत्यात आमाला. पाव्हणे. तोंडावरच म्हणत्यात. हसत्यात, पर वाईट न्हाईत गं. त्यांचं बी बरोबर हाय. उद्या वरनं काय आलं, तर शेजारचा माणूस किती पाण्यात हाय हे त्यांना ठावं नगं का? ते वर्षानुवर्षं संगं हायेत. आमी कालचे."

मग हळू आवाजात म्हणाले, "आमी लई धावतो. कंडक्टर न् मी. ते चढ चढत्यात ना, त्यांच्या मागं पडायचं न्हाई म्हणून. चाळिशीचं अंग हाय, श्वास पुरत न्हाई. खाली बसलो तर म्हणतील, बघा, आले पार्ट टाइमवाले."

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दुकानात लोखंड पायावर पडलं तेव्हाही नाही. मी म्हटलं, "कशाला एवढं धावायचं? ज्येवढं झेपंल त्येवढं करा."

"तुला न्हाई कळायचं," ते म्हणाले, आणि लाईन तुटली.

त्यानंतर फोन बंद. नुसता बंद. टीव्हीवर भोंगे, धूर, नकाशे. पडद्यावरचा माणूस ओरडून बोलायचा आणि त्याच्या ओरडण्यातून काहीच कळायचं नाही. थोरल्या दिरांची पोस्टिंग तेव्हा दुसऱ्या टोकाला, पूर्वेला होती. त्यांचा फोन रोज येई. जाऊबाई बाजूला जाऊन बोलत, माझ्यासमोर बोलत नसत. ही त्यांची माया होती, पण मला त्या बाजूला जाण्याचाही राग यायचा.

अंगणवाडीत मी मुलांची वजनं घ्यायची आणि लिहायच्या आधीच विसरायची. पुन्हा काट्यावर उभं करायची. मदतनीस बाई म्हणाली, "बाई, तुमी घरी जा, मी बघते." घरी जाऊन काय करणार होते? घरी आत्याबाई देवळीपुढे बसलेल्या असायच्या. काही मागायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या.

रोज संध्याकाळी पाथर्डीच्या ताईचा फोन यायचा.

"ताई, काय कळलं का?"

"न्हाई ओ. तुमाला?"

"न्हाई."

मग आम्ही दोघी तशाच फोन धरून बसायचो. तिच्याकडे शेळ्यांचा आवाज यायचा. ती म्हणायची, "बरं, ठिवते." आणि ठेवायची नाही.

मी डेपोचा नंबर शोधून काढला. तिथला माणूस चांगला बोलला. "ताई, ती कंपनी दुसऱ्या पलटणीला जोडलीय. तिकडची खबर त्यांच्याकडेच असणार." त्या पलटणीचा नंबर? तो देता येत नाही म्हणाला. फोनवर असं सांगायला मनाई होती, आणि ते त्या दिवसांत बरोबरही होतं. त्यानं खोटं सांगितलं नाही, उडवून लावलं नाही. पण फोन ठेवल्यावर मला कळलं, की माझा नवरा जिथे आहे तिथे त्याच्या घरचं कुणाला ठाऊक नाही, आणि जिथे त्याचं घर ठाऊक आहे तिथे तो नाही.

त्यातच तो मेसेज फिरला. नगर जिल्ह्यातला एक जवान गेला, शेवगाव-पाथर्डी भागातला. नाव नाही, गाव नाही. कुठून आला, कुणी पाठवला, कुणाला माहीत नाही. दुपारपर्यंत आमच्या अंगणात माणसं जमायला लागली. कुणी काही विचारत नव्हतं. पुरुष लिंबाखाली टेकले, बायका ओट्यावर माझ्या अंगाला अंग लावून बसल्या. एका म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. मी तिचा हात बाजूला केला.

तेवढ्यात गावातल्या एका पुढाऱ्याचा माणूस आला. नेहमी वाढदिवसाचे फ्लेक्स लावणारा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, दादांचा वर्दीतला एखादा चांगला फोटो हाय का? मोबाईलवर टाका माझ्या."

"कशाला?"

त्यानं खाली बघितलं. "न्हाई, म्हंजी, ऐन वेळंला पळापळ नगं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी भिंत धरली. त्याच्या तोंडावर मारायला हवं होतं, पण हात उचलेना. जाऊबाईंनी ते ऐकलं. त्या पुढे आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "नीघ. आत्ताच्या आत्ता वाडग्याभाईर नीघ." मग जमलेल्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "आमच्या घरी काय झाल्यालं न्हाई. जावा समदे आपापल्या घरी."

माणसं उठली. जाऊबाई मला म्हणाल्या, "उंद्या सकाळी नगरला जायचं. भिंगारला. हितं बसून मरायचं न्हाई."

सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. नगरला उतरून रिक्षानं भिंगारला गेलो. छावणीचे रस्ते मी आधीही बघितले होते, दोन्ही बाजूंना झाडं, चुन्यानं रंगवलेले दगड, सगळं जागच्या जागी. जाऊबाईंना तिथली माहिती होती, कँटीनला यायच्या त्या. गेटवर त्यांनी कार्ड दाखवलं. पहाऱ्यावरच्या जवानानं ते बघून परत दिलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे आधार कार्ड होतं, आणि ह्यांचा वर्दीतला फोटो, मोबाईलमध्ये.

"कौनसी पलटन?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"बहनजी, वो तो टीए है. वो यहाँ की नहीं है." तरुण होता, आवाज आर्जवाचा होता. "आप यहाँ बैठिए. ये अंदर जाके पूछ लेंगी."

जाऊबाई आत एक पाऊल गेल्या होत्या. त्या परत बाहेर आल्या. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "ये मेरी सख्खी जाऊ है. मेरे आदमी का सख्खा भाऊ गया है उधर. ये भाईर बैठेगी तो मैं भी भाईर बैठेगी." आणि खरंच कट्ट्यावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. ऊन वाढत होतं. पोरगा बिचारा घामाघूम झाला. त्यानं आत फोन केला, पुन्हा केला, आणि शेवटी एक वयस्क सुभेदार साहेब बाहेर आले आणि आम्हाला दोघींना सोबत घेऊन गेले.

त्यांचं ऑफिस म्हणजे एक छोटी खोली. त्यांनी आधी पाणी दिलं. मग ते फोन लावत बसले. एका ठिकाणी लावला, तिथून दुसरीकडे. त्यांचं बोलणं तुटक तुटक कानावर यायचं. "हाँ, अटॅच कंपनी... नहीं, फॅमिली आई है... तो किसने बताना था?" थोडा वेळ ऐकत राहिले. मग पुन्हा, "वो कह रहे हैं आपने बताना था." फोन ठेवून त्यांनी कपाळ चोळलं. मी विचारलं, "काय झालं, साहेब?" ते म्हणाले, "पता कर रहे हैं, बेटा." माझ्याकडे न बघता म्हणाले. तेव्हाच मला वाटलं, काहीतरी आहे, आणि ते दोन्हीकडे माहीत आहे. पलटणीला वाटतंय डेपोनं घरी कळवलं, आणि डेपोला वाटतंय पलटणीनं कळवलं.

जाऊबाईंनी फोन काढला. त्यांच्या त्या बायकांच्या ग्रुपवर त्यांनी बोलून मेसेज टाकला. मला अजून तो जसाच्या तसा आठवतो. "बहनों, मेरा छोटा देवर टीए में है. तीन दिन से... लई दिवस से फोन नहीं. किसी का भाई, किसी का आदमी उस तरफ के पलटन में है तो पूछो. मेरी जाऊ मेरे बाजू में बैठी है. वो हमारीच है." मग त्या फोन मांडीवर पालथा ठेवून बसल्या.

कुठकुठल्या बायकांनी आपापल्या भावांना, दिरांना, मैत्रिणींना विचारलं असेल, देव जाणे. दुपार कलली तेव्हा ग्रुपवर एक बाई बोलली, आम्ही कुणी कधी न पाहिलेली. तिच्या भावाची तीच पलटण होती. ती म्हणाली, "दीदी, टीए के दो लड़के थे एक बंकर में. एक नहीं रहा. एक अस्पताल में है. नाम पूछके बताती हूँ."

दोन. एकच बंकर. मला विचारायची गरज नव्हती. मेसेज शेवगाव-पाथर्डीचा होता, हे दोघं सोडून दुसरे कोण असणार?

त्यानंतर जे झालं ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. मी डोळे मिटले आणि मागत राहिले, की दवाखान्यातला माझा असू दे. माझा असू दे म्हणजे तिचा नसू दे, हे मला पूर्ण कळत होतं. शब्द आवरत नव्हते. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. पाथर्डीची ताई. एरवी संध्याकाळी करायची, त्या दिवशी दुपारीच केला.

"ताई, काय कळलं का?"

"भिंगारला आलेय," मी म्हटलं. "बसलेय हितंच. इचारतायत ते."

"आमच्यांचंबी इचारा."

"इचारते ना ओ."

"बरं," ती म्हणाली. मागे शेळ्या ओरडत होत्या. ती फोन ठेवेना, मलाही ठेववेना. शेवटी मीच ठेवला.

नाव आलं तेव्हा फोन जाऊबाईंच्या कानाला होता. त्या नुसतं "हां... हां" करत होत्या. मग माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी पिचली. म्हणाल्या, "आपला हाय. दवाखान्यात हाय. जित्ता हाय."

मी मोठ्यानं रडले. सुभेदार साहेब उठून खिडकीपाशी गेले. किती वेळ रडले माहीत नाही. एका क्षणी माझ्या लक्षात आलं, की जाऊबाई रडत नाहीयेत. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी कधी थांबते त्याची वाट बघत. मी थांबले.

"तिला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या.

साहेबांनी सांगितलं, की डेपोकडून निरोप येईल, मग पोलीस पाटील, तहसीलचे लोक घरी जातील. उद्यापर्यंत होईल. "तब तक आप कुछ मत बोलिए. ऑफिशियल होने दीजिए."

"बोलणार न्हाई," जाऊबाई मराठीतच म्हणाल्या. "जाऊन बसणार तिच्यापाशी. तो फ्लेक्सवाला तिच्या दारात जायच्या आधी."

साहेबांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी मान हलवली आणि आम्हाला गेटपर्यंत सोडायला आले.

आम्ही जीप केली. करंजीच्या घाटात जाऊबाई एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "तू तोंड धू कुटंतरी. रडल्यालं दिसतंय." एका टपरीवर मी तोंड धुतलं. पण तोंडावर काय होतं ते मला माहीत होतं. रडण्यापेक्षा वाईट, सुटल्याचं काहीतरी होतं ते, आणि ते पाण्यानं जाईना.

पाथर्डीच्या पुढे आत गेल्यावर तिचं गाव. सगळीकडे उजाड, बांधाला काटेरी बाभळी. तोडीहून परतलेली माणसं घरं शाकारत होती. दिवस मावळायला आला होता. ती शेळ्यांना पाणी दाखवत होती. जीप थांबली, आम्ही उतरलो, तशी ती बादली हातात घेऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग जाऊबाईंकडे. जेवायला आली होती तेव्हापासून त्यांना ती ओळखत होती.

"तुमच्यांचं कळलं का, ताई?"

"कळलं. दवाखान्यात हायेत."

"जित्ते हायेत?"

"हायेत."

"बरं झालं," ती म्हणाली, मनापासून म्हणाली. बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "दोघं एकाच जागी हुते ना?"

आम्हा दोघींपैकी कुणी बोललं नाही. काही न बोलण्याचं आम्ही कबूल केलं होतं, ते आम्ही पाळलं. ती आमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घाटातनं आलाय, पाणी तरी घ्या," आणि आत गेली. पाणी घेऊन काही बाहेर आली नाही. जाऊबाई आत धावल्या. ती चुलीपुढे जमिनीवर पडली होती, तांब्या कलंडला होता, आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. आवाज निघायला फार वेळ लागला. तो निघाला तेव्हा शेजारची माणसं धावत आली.

रात्र आम्ही तिथेच काढली. सकाळी तहसीलचे लोक आले, तेव्हा घरात रडून माणसं दमली होती.

शव आलं तेव्हा नगरहून फौजेच्या गाड्या आल्या. त्या गावात एवढी माणसं कधी जमली नसतील. वेशीत फ्लेक्स लागला होता, त्यावर कंडक्टर हसत होते. पेटीबरोबर त्या पलटणीचा, नायक हुद्द्याचा एक जवान आला होता, पार वरपासून सोबत. डोंगरातला कुठला तरी, गोल चेहऱ्याचा, डोळे सुजलेले. भाषा येत नव्हती, तरी कंडक्टरच्या म्हाताऱ्या बापाजवळ जमिनीवर बसला होता. लोकांना सांगत होता, "हमारी पलटन का जवान था." दर माणसाला तेच. बंदुकांची सलामी झाली, झेंडा घडी करून ताईच्या हातात दिला गेला. तिनं तो छातीशी धरला नाही, नुसता हातावर घेतला, जशी दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घ्यावी.

मी त्या नायकाजवळ गेले. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला. म्हणाला, ह्यांना त्यानंच ओढून काढलं होतं. मग म्हणाला, "मैं इन दोनों को मेहमान बोलता था, भाभी." माझ्या मनात होतं ते मी त्याला सुनावणार होते, की तुमचे होते तर त्यांच्या घरी सांगायला कुणी कसं नव्हतं? पण तो परत त्या म्हाताऱ्या बापाजवळ जाऊन बसला. दोष त्याचा नव्हता. कुणाचा होता, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तेच जास्त सलतं.

दवाखाना लांब होता, दुसऱ्या राज्यात. थोरले दीर तातडीची सुट्टी काढून आले आणि मला घेऊन गेले. हे पलंगावर बसले होते. पायाला पट्ट्या, चेहऱ्यावर बारीक बारीक जखमा. मी हाक मारली. त्यांनी बघितलं नाही. पुन्हा मारली. शेजारच्या पलंगावरच्या माणसानं त्यांना हात लावून माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांनी मान वळवली. दोन्ही कानांचे पडदे गेले होते. डावा कान कायमचा, उजव्यात पुढे थोडंसं येईल असं डॉक्टर म्हणाले. मला बघून ते खूप मोठ्यानं बोलले, सगळा वॉर्ड ऐकेल एवढ्यानं. "कंडक्टर कुठाय? कुणी सांगत न्हाई मला."

मी मान हलवली. त्यांना कळलं. तोंड भिंतीकडे करून ते पडून राहिले. दीर पलंगाच्या कडेला बसले आणि धाकट्या भावाचा पाय हातात घेऊन बसले, पट्टी नसलेला.

पाय बरा झाला. घरी आले. दुकान उघडलं. ग्राइंडर चालू आहे की बंद, ते ठिणगी बघून ओळखायला लागले. गिऱ्हाईक बोलायचं, हे भलतंच उत्तर द्यायचे, गिऱ्हाईक हसायचं, मग गप्प व्हायचं. गावात आता त्यांना सगळे फौजी म्हणायचे. त्यांना ते ऐकू यायचं नाही. रोज विचारायचे, पाथर्डीला कधी जायचं. मीच टाळत होते. तिच्यापुढे ह्यांना उभं करायचं, धडधाकट, चालत जाणारं, हे मला जमेना.

दसऱ्याच्या आसपास गेलो. शेवटी तिनंच निरोप धाडला होता, त्यांना घेऊन या म्हणून. अंगणात तिनं घोंगडी टाकली. सासरा ओट्यावर होता. तोडीला निघायची तयारी चालू होती त्यांच्याकडे, वंगण घालायला बैलगाडीची चाकं काढून ठेवली होती. ती ह्यांच्यासमोर बसली आणि जरा वेळानं तिनं विचारलं, "शेवटाला काय बोलले का?"

ह्यांना ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. तिनं पुन्हा विचारलं, तेवढ्याच हळू. मग मला ते करावं लागलं. त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, त्या अंगणात, सगळ्यांदेखत मी ओरडले, "शेवटाला काय बोलले का, म्हणत्यात."

ह्यांना कळलं. ते तिच्याकडे वळले.

"बोलला," ते म्हणाले. "माझ्याकडं बघून बोलला. पर तवा माझे कान गेल्ते. त्याचे ओठ हलत हुते, मला काय ऐकू आलं न्हाई."

ती पुढे सरकली. "कसे हलले?"

तिचं म्हणणं मी ओरडून सांगायच्या आत त्यांना कळलं होतं. त्यांनी डोळे मिटले, आठवलं, आणि आवाज न करता ओठ हलवले. चार-पाच शब्द असतील. ती टक लावून बघत होती. म्हणाली, "पुन्हा." त्यांनी पुन्हा हलवले. सासरा ओट्यावरून उठून जवळ आला, मीही वाकले. ती स्वतःचे ओठ तसे हलवून बघायला लागली, एकदा, पुन्हा, त्यात आवाज घालून, एकेक शब्द लावून. पोरीचं नाव लावलं. आईला हाक लावली. पाणी लावलं. प्रत्येक वेळी ती ह्यांच्याकडे बघायची, आणि हे मान हलवायचे, की माहीत नाही.